गोळीनंतरचे १०८ दिवस

काळोखांत बंदुकीचा बार होतो, माणसें पडतात, आणि मारणारा कोण हें कळण्यापूर्वींच तो कोणाचा हस्तक होता हें घरोघर कळून चुकलेलें असतें. मनुष्यस्वभावाचा हा खेळ फार जुना आहे, आणि नव्या काळानें तो थांबविलेला नाहीं. ता. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं अमेरिकेंतील लास वेगास नगरांत, मँडले बे नांवाच्या जुगारगृहवजा हॉटेलाच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका इसमानें खालीं चाललेल्या संगीताच्या जलशावर गोळ्यांचा वर्षाव केला. त्या रात्रीं ५८ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें जखमांमुळें आणखी दोघें दगावलीं. रक्त वाळण्यापूर्वींच तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालें, मारेकरी एक नसून दोन होते. परदेशांतील एका दहशतवादी संघटनेनें तो आपलाच शिपाई असल्याचें जाहीर केलें. एका निरपराध माणसाचें नांव मारेकरी म्हणून जगभर फिरलें. सव्वा वर्षानें, जानेवारी २०१९ मध्यें, अमेरिकेच्या केंद्रीय तपास-खात्यांतील तज्ज्ञांनीं आपला अभिप्राय दिला. तो एवढाच कीं, या कृत्याच्या मुळाशीं कोणताही एक स्पष्ट हेतु सांपडत नाहीं. हजार उत्तरें देणाऱ्या जगाला खरें उत्तर मिळालेंच नाहीं.

हा सारा प्रकार दूरच्या जगांतला वाटेल. पण महाराष्ट्रास त्याचा अनुभव सव्वाशें वर्षांपूर्वींच येऊन गेला आहे. पुण्याच्या वायव्येस सुमारें १० मैलांवर, पवनेच्या कांठीं, चिंचवड हें गांव आहे. श्रीमोरया गोसावींच्या समाधीमुळें तें पूर्वींपासून प्रसिद्ध. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या गर्दींत तें बुडून गेलें असलें, तरी कामगारांच्या पाळ्या बदलतांना जेथें गाड्यांची रीघ लागते त्या तेथील चौकाचें नांव चापेकर चौक आहे, आणि गांवांत चापेकरांच्या वाड्याचें स्मारक झालें आहे. त्या चौकांतून जाणाऱ्या शाळकरी पोरासही रँडला कोणीं मारलें हें ठाऊक असतें. परंतु १८९७ सालीं, २२ जूनच्या रात्रीपासून ८ ऑक्टोबरपर्यंत, १०८ दिवस तें जगाला ठाऊक नव्हतें. सरकार चांचपडत होतें, वृत्तपत्रें चांचपडत होतीं, आणि तरीही प्रत्येकाजवळ उत्तर मात्र तयार होतें. त्या तयार उत्तरांनीं काय काय केलें, त्याची ही हकीकत आहे.

१८९६ च्या उत्तरार्धांत मुंबईंत प्लेगची साथ उद्भवली आणि थोड्याच महिन्यांत ती पुण्यास येऊन पोंचली. फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला व साताऱ्याकडील मुलकी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांस पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून आणलें. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी हुडकीत होत्या. रोग खरा होता, माणसें खरोखरच मरत होतीं, आणि कांहीं तरी कडक उपाय केल्यावांचून गत्यंतर नव्हतें, ही गोष्ट शहाण्या पुणेकरांस मान्य होती. खुद्द टिळकांनीं हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय चालविण्यांत पुढाकार घेतला होता. पण उपायाची रीत अशी होती कीं, देवघर कोणतें आणि स्वयंपाकघर कोणतें, याची परक्या शिपायांना दाद नसे. घरांतलें सामान रस्त्यावर येई, धडधाकट माणसास रोगी समजून नेण्यांत येई, आणि तक्रार ऐकणारे कान बंद असत. साथ ओसरली, मनांतली आग तशीच राहिली.

ता. २२ जून रोजीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास ६० वर्षें पूर्ण झाल्याचा उत्सव होता. गणेशखिंडींतील गव्हर्नरांच्या बंगल्यांत, म्हणजे आज जेथें पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तेथें, मोठी मेजवानी झाली. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या परतूं लागल्या. काळोख्या रस्त्यावर कोणीं तरी एका गाडीच्या मागील बाजूस चढून रँड यांच्या पाठींत गोळी घातली. मागून येणाऱ्या गाडींत लेफ्टनंट आयर्स्ट आपल्या पत्नीसह बसले होते. त्यांच्यावरही गोळी झाडली गेली आणि ते जागच्या जागीं गतप्राण झाले. रँड यांस ससून रुग्णालयांत नेलें. अकरा दिवस मृत्यूशीं झुंजून ३ जुलै रोजीं ते वारले. मारेकरी अंधारांत नाहींसे झाले होते. सरकारनें २० हजार रुपयांचें बक्षीस लावलें. तरी आठवड्यांमागून आठवडे गेले आणि धागा हातीं लागेना.

धागा हातीं लागेना, तेव्हां तर्क पुढें सरसावला. अँग्लो-इंडियन पत्रांना गुन्हेगार शोधण्याची जरुरीच वाटली नाहीं. त्यांच्या मतें तो आधींच सांपडला होता. पुण्याच्या ब्राह्मणांचा हा कट आहे, पेशवाई गेल्याचें शल्य त्यांच्या मनांत आहे, आणि मराठी वृत्तपत्रांनीं त्यांस चिथावणी दिली आहे, असा एकच सूर निघूं लागला. पुराव्यादाखल काय होतें? १२ जून रोजीं पुण्यांत शिवाजी-उत्सवाचीं व्याख्यानें झालीं होतीं. त्यांत अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. १५ जूनच्या 'केसरी'ंत त्यांचा वृत्तांत आला, आणि २२ जूनला गोळी सुटली. आमच्या शास्त्रकारांनीं ज्यास काकतालीय न्याय म्हटलें आहे, त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. कावळा बसला आणि फांदी मोडली. म्हणून कावळ्यावर खटला भरावयाचा!

असा तर्क पुण्यावर पहिल्यानेंच लढविला गेला होता, असेंही नाहीं. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड चालू असतां मे महिन्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. लगेच फडक्यांचा हात आणि शहरांतल्या पुढाऱ्यांची फूस अशी कुजबूज सुरू झाली. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सौम्य आणि विचारी पुरुषाची धुळ्यास बदली झाली, आणि त्यांचा टपाल फोडून पाहिला जाऊं लागला. पुढें उघडकीस आलें तें असें कीं, ती आग सरकारी पुस्तक-भांडारांतील एका नोकरानें आपली अफरातफर लपविण्यासाठीं लाविली होती. अठरा वर्षांपूर्वींचा हा धडा १८९७ मध्यें कोणासच आठवला नाहीं. भय हें स्मरणशक्तीचें शत्रु असतें.

या तर्कांची किंमत कोणीं दिली? प्रथम दिली ती सबंध शहरानें. कलेक्टर लॅम्ब यांनीं प्रमुख नागरिकांस बोलावून त्यांची खरडपट्टी काढली, आणि पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांवर लादला. नंतर दिली ती नातू बंधूंनीं. बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू हे पुण्यांतले सरदार. जुलैच्या अखेरीस त्यांस पकडलें तें १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनाखालीं, ज्यांत आरोप सांगावा लागत नाहीं, साक्ष घ्यावी लागत नाहीं आणि न्यायाधीशापुढें उभें करावें लागत नाहीं. त्यांची मालमत्ता जप्त झाली. खऱ्या मारेकऱ्याचा कबुलीजबाब झाल्यावरही ते सुटले नाहींत. त्यांची सुटका १८९९ मध्यें झाली. ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्यास निदान खटला तरी मिळतो. ज्याच्याविरुद्ध केवळ तर्क आहे त्यास तोही मिळत नाहीं.

तिसरी किंमत टिळकांनीं दिली. 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' या मथळ्याचा लेख त्यांनीं जुलै महिन्यांत लिहिला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस त्यांस मुंबईंत अटक झाली. न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांस जामीन दिला, आणि ८ सप्टेंबरला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढें खटला उभा राहिला. आरोप खुनाचा नव्हता. १५ जूनच्या अंकांतील मजकुरानें राजद्रोह झाला, एवढाच होता. पण खुनाचा संशय त्या न्यायमंदिरांत न बोलावितां येऊन बसला होता, आणि तेथें बसलेल्यांपैकीं कोणीही तो विसरूं शकत नव्हता. नऊ ज्यूरर्सपैकीं सहा युरोपियनांनीं टिळक दोषी ठरविले, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोष ठरविले. १४ सप्टेंबर रोजीं १८ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्या गोळीनें हें सारें घडलें ती झाडणारा मनुष्य तेव्हां मोकळाच होता. त्याचा कबुलीजबाब व्हावयास आणखी २४ दिवस होते. पुढील वर्षीं राजद्रोहाचें कलम दुरुस्त करून तें अधिक व्यापक करण्यांत आलें, आणि १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून नवी संहिता येईपर्यंत तें कायद्याच्या पुस्तकांत कायम राहिलें. एका उन्हाळ्याचें भय कायद्यांत शिरलें, आणि सव्वाशें वर्षें तेथून निघालें नाहीं.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणासही वाटेल कीं, तर्काचा रोग फक्त राज्यकर्त्यांनाच जडला होता. तसें नव्हतें. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून विश्वासू माणसांचीं पत्रें त्यांस जात. त्यांत शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें, आणि त्यांपैकीं एकीनें जीव दिल्याचें लिहिलें होतें. गोखल्यांनीं हें 'मँचेस्टर गार्डियन' पत्राच्या प्रतिनिधीस सांगितलें. विलायतेंत गहजब झाला. सरकारनें पुरावा मागितला. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईस उतरले, त्यांनीं पत्रलेखकांकडे चौकशी केली, आणि सिद्ध करण्याजोगें कांहींच हातीं लागत नाहीं असें त्यांस आढळून आलें. पत्रें कोणीं लिहिलीं तें त्यांनीं सांगितलें नाहीं. सारा दोष स्वतःच्या शिरावर घेतला, आणि ऑगस्टच्या आरंभीं गव्हर्नरांची व शिपायांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

या माफीनें गोखले स्वकीयांच्या नजरेंतून उतरले. त्यांस भित्रा म्हटलें गेलें. पुण्याच्या घरांघरांतून अपमान खरा घडला होता, हें कोणासच नाकारतां येत नव्हतें. मग एका वाक्याचा पुरावा मिळाला नाहीं म्हणून सारें मागें कां घ्यावें, असा लोकांचा सवाल होता. त्या सवालांत तथ्य नव्हतें असें नाहीं. दडपणाखालीं राहणारी स्त्री साक्षीस उभी राहत नाहीं, आणि न मिळालेला पुरावा म्हणजे न घडलेली गोष्ट नव्हे. पण गोखल्यांपुढला प्रश्न निराळा होता. काय घडलें असावें हा तो प्रश्न नव्हता. आपण जें निश्चित म्हणून जगास सांगितलें तें आपणांस निश्चित ठाऊक होतें काय, हा होता. त्याचें उत्तर 'नाहीं' असें आल्यावर त्यांनीं तें बोलून दाखविलें. त्या १०८ दिवसांत अनेकांनीं अनेक गोष्टी ठामपणें सांगितल्या. आपल्या शब्दाची अशी जाहीर झडती घेणारा पुरुष मात्र विरळाच निघाला.

इकडे मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी ब्रूइन शांतपणें तपास करीत होते. बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगीत असलेल्या गणेश शंकर द्रविड याच्याकडून त्यांस सुगावा लागला, आणि तो सुगावा चिंचवडच्या एका कीर्तनकाराच्या घरापर्यंत गेला. हरिपंत चापेकरांचें घराणें एके काळीं सुखवस्तु होतें. नंतर वैभव गेलें, आणि हरिपंतांनीं कीर्तनाचा व्यवसाय पतकरला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे त्यांचे तीन पुत्र वडिलांमागें साथीस उभे राहत. दामोदरास कीर्तनापेक्षां कवायतीचें वेड अधिक. त्यानें मुलें जमवून त्यांस व्यायाम आणि शस्त्रांचे हात शिकविले होते. ८ ऑक्टोबर रोजीं नोंदलेल्या जबाबांत त्यानें सांगितलें कीं, घरतपासणींत गोऱ्या शिपायांनीं पवित्र स्थानें विटाळलीं आणि मूर्ति फोडल्या, त्याचा सूड म्हणून आपण रँडला मारलें. १८९६ मध्यें मुंबईंत राणीच्या पुतळ्यास डांबर फांसलें गेलें होतें. तेंही आपलेंच काम, असें त्यानें सांगितलें.

तर्क करणाऱ्यांनीं आपल्या कल्पनेंत एक मोठा कट रचला होता. त्यांत सरदार होते, संपादक होते, पैसा होता. प्रत्यक्षांत निघाले ते एका गरीब घरांतले भाऊ आणि त्यांचे थोडे सोबती. येरवड्याच्या तुरुंगांत दामोदरानें आपलें आत्मवृत्त लिहून काढलें. तें पुढें प्रसिद्धही झालें आहे. त्यावरून दिसतें कीं, नुसत्या व्याख्यानांनीं समाधान मानणाऱ्या पुढाऱ्यांविषयीं त्याच्या मनांत फारसा आदर नव्हता, आणि सुधारकांचा तर त्यास इंग्रजांइतकाच तिटकारा होता. ज्या व्याख्यानांनीं त्यास चेतविलें असें सरकार म्हणत होतें, तीं त्यास पुळचट वाटत होतीं.

मग सारे तर्क सर्वस्वीं खोटे होते काय? प्रामाणिकपणें पाहतां तसें म्हणतां येणार नाहीं. मारेकरी पुण्याकडचेच निघाले, ब्राह्मणच निघाले, आणि हेतु प्लेगच्या जुलुमाचा सूड हाच निघाला. तर्काचा बाण चाळणीसारख्या लक्ष्यावर कोठें तरी लागतोच. परंतु अर्धवट खरा ठरलेला तर्क हा सर्वस्वीं खोट्या तर्काहून अधिक घातक असतो. कारण एक गोष्ट जुळली कीं, न जुळलेल्या दहा गोष्टीही तिच्या आधारानें खऱ्या ठरूं लागतात. पुण्याचे ब्राह्मण निघाले, त्या अर्थीं पुण्याचे सारेच ब्राह्मण; सूडाचा हेतु निघाला, त्या अर्थीं सूडाची शिकवण देणारा कोणी तरी असलाच पाहिजे. नातूंची कोठडी उघडली नाहीं ती यामुळेंच.

आणि सत्य बाहेर आलें म्हणजे तर्क मरतो, हीही एक भोळी समजूत आहे. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदर येरवड्यास फांशी गेला. ८ फेब्रुवारी १८९९ रोजीं वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनीं द्रविड बंधूंस घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्या वर्षाच्या मे महिन्यांत, ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे आणि १२ तारखेस बाळकृष्ण असे तिघे फांशी गेले. एका आईबापाचे तिन्ही मुलगे संपले, द्रविडांच्याही घरांतले दोन भाऊ गेले. खटले झाले, निकाल लागले, कागद बंद झाले. तरी १९१० सालीं व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानें हिंदुस्थानांतील असंतोषावर ग्रंथ लिहिला, तेव्हां टिळकांच्या लेखणीचा आणि गणेशखिंडींतल्या पिस्तुलाचा जुना संबंध त्यानें पुन्हां जोडून दाखविला. टिळकांनीं विलायतेंत जाऊन त्याजवर अब्रुनुकसानीचा दावा लाविला, आणि १९१९ मध्यें ते तो हरले. ज्या आरोपावर त्यांच्याविरुद्ध कधीं खटलाच उभा राहिला नव्हता, त्यांतून मोकळें होण्यासाठीं त्यांनीं बावीस वर्षांनंतर पदरचा पैसा ओतला, आणि तरीही मोकळे झाले नाहींत.

लास वेगासच्या गोळीबारांत हेतु सांपडला नाहीं, म्हणून तर्क जिवंत राहिले. गणेशखिंडीच्या प्रकरणांत हेतु सांपडला, तरीही तर्क जिवंत राहिले. यावरून तर्काचें मूळ घटनेंत नसून पाहणाऱ्याच्या भयांत असतें, असेंच म्हणावें लागतें. अँग्लो-इंडियनांना सत्तावनचें भय होतें, म्हणून त्यांना कट दिसला. पुणेकरांना अपमानाची जखम होती, म्हणून त्यांना प्रत्येक बातमी खरी वाटली. मारेकरी कोण, हें दोघांनाही ठाऊक नव्हतें. आपण कशास भितों, एवढेंच दोघांनीं आपापल्या उत्तरांतून सांगितलें.

संशय मनांत येणें हा गुन्हा नव्हे. तपासाचा आरंभच संशयापासून होतो. पण ब्रूइनचा संशय पुराव्यामागें चालत गेला, आणि इतरांचा संशय पुराव्याची वाट न पाहतां शिक्षा देऊन मोकळा झाला. चिंचवडच्या चौकांत चापेकरांचें स्मरण दगडांत आणि धातूंत उभें आहे, आणि तें योग्यच आहे. त्या १०८ दिवसांचें स्मरण मात्र कोठेंही उभें नाहीं. बिनचौकशी तुरुंगांत राहिलेल्या नातूंचें, किंवा 'मला निश्चित ठाऊक नव्हतें' असें भर समाजांत म्हणणाऱ्या गोखल्यांचें चित्र त्या गोष्टीशेजारीं कोणी लावीत नाहीं. पुढें केव्हां तरी पुन्हां एखाद्या रात्रीं बार ऐकूं येईल आणि सकाळ होण्यापूर्वीं गुन्हेगाराचें नांव दारोदार पोंचेल, तेव्हां त्या नांवामागें पुरावा आहे कीं भय आहे, एवढें विचारण्यापुरती तरी या दिवसांची आठवण राहावी.